मागच्या डिफरन्शियलचं तेल: कुठलं घ्यायचं, का घ्यायचं आणि कसं बदलायचं

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून आवाज यायचा, गुर्रर्र-कट-कट-कट असा, जणू मागच्या सीटखाली कोणीतरी जड कपाट फरशीवरून ओढतंय. सरळ रस्त्यावर काही नाही, हायवेला काही नाही, सकाळी गाडी थंड असताना पण काही नाही, पण अर्धा तास गाडी चालवून एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरलो आणि हळू वळवली की हा आवाज सुरू. गाडी म्हणजे २००४ ची बीएमडब्ल्यू एम३, ई४६ मॉडेल, इथे न्यू जर्सीत सेकंडहँड घेतलेली. सांगलीला आप्पांना फोनवर तो आवाज ऐकवला तर ते लगेच म्हणाले, "अरे क्राउन वाजतोय तुझा. तेल बघ आधी, बाकी सगळं नंतर." आप्पांनी आयुष्यभर जीप चालवली, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा तो सगळा गोळा म्हणजे क्राउन, आणि त्यात पडतं ते नव्वद नंबर तेल.

आप्पांचं निदान बरोबर निघालं, पण औषध नाही. माझ्या आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमध्ये तेल बदलून घेतलं होतं, बिल गाडीसोबत मिळालं होतं, त्यावर साधं ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं. तेल चांगल्यातलं होतं, नवीन होतं, फक्त या डिफरन्शियलसाठीचं नव्हतं. त्यानंतर मी यात बराच खोल शिरलो आणि माझं मत असं झालंय की तेलाचा ब्रँड कुठला हा प्रश्न शेवटचा आहे, पहिला प्रश्न हा की तुझ्या गाडीच्या डिफरन्शियलच्या पोटात नेमकं काय आहे. ते कळलं की तेल आपोआप ठरतं. म्हणून आधी पोटात काय असतं ते सांगतो, मग बाटलीवरचे आकडे, मग पाना हातात घेऊ.

ज्यांनी खळ्यावरची मळणी बघितलीय त्यांना डिफरन्शियल समजवायला दोन मिनिटं लागतात. मधे तिवडा म्हणजे रोवलेला खांब, त्याला एका ओळीत बांधलेले बैल, सगळे गोल फिरतायत. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला भराभर पावलं टाकावी लागतात, कारण त्याचा गोल मोठा. गाडी वळते तेव्हा तिच्या दोन मागच्या चाकांचं हेच होतं. माझ्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर आहे, तर गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेनऊ मीटर जास्त चालतं, गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच येतो. साडेनऊ मीटर म्हणजे चाकाचे साडेचार फेरे. आता दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर हे जास्तीचे साडेचार फेरे कुठून येणार, एक चाक घासत जाणार नाहीतर काहीतरी तुटणार. म्हणून मधे गिअरची अशी रचना करतात की इंजिनची ताकद दोन्हीकडे जाते पण चाकं आपापल्या वेगाने फिरू शकतात. ही कल्पना १८२७ ची, पेकर नावाच्या फ्रेंच माणसाची, वाफेच्या गाडीसाठी काढलेली. पेट्रोलची मोटारगाडी यायला तेव्हा अजून जवळपास साठ वर्षं होती.

याच्यात एक मोठी खोट आहे. साधं म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी त्याला जेवढं झेपतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं. एक चाक चिखलात गेलं की ते गरागरा फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक नुसतं उभं. जीप चिखलात अडकली की आम्ही पोरं धक्का मारायला उतरायचो ती याच कारणाने. वेगवान गाडीत चिखल नसला तरी वळणावर तेच होतं, गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, आतलं चाक हलकं पडतं, ॲक्सिलरेटर दाबला की ते चाक फुकट फिरून टायरचा धूर आणि गाडी जागेवर. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांना हाच त्रास होत होता, इतकी ताकद की आतलं चाक सतत घसरायचं, आणि त्यावर उपाय म्हणून झेडएफ कंपनीने लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवलं. चाकांना वेगवेगळं फिरू द्यायचं, पण एका मर्यादेपर्यंतच. माझ्या लेखाचा निम्मा जीव या "मर्यादेपर्यंतच" मध्ये आहे, कारण ही मर्यादा कशाने घातलीय त्यावर तेल ठरतं.

एक प्रकार म्हणजे क्लचप्लेटवाला. एकाआड एक पातळ चकत्या, अर्ध्या एका बाजूला अडकलेल्या आणि अर्ध्या दुसऱ्या बाजूला, सगळ्या तेलात बुडालेल्या. चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की दोन चाकं एकमेकांना धरून ठेवतात, वळताना मात्र हळूहळू घसरून फरक सोडवतात. म्हणजे इथे घासणं हेच काम आहे. दुसरा प्रकार टॉर्सन, १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीसमनने पेटंट घेतलेला, यात चकत्या नसतात, मळसूत्रासारखे तिरके गिअर एकमेकांत असे अडकतात की जोर आला की ते स्वतःच एकमेकांना दाबून धरतात. मझदा एमएक्स-५ मध्ये १९९४ पासून बऱ्याच मॉडेलला हा मिळायचा, होंडा एस२००० मध्येही हाच. तिसरा व्हिस्कस, त्यात सीलबंद डब्यात सिलिकॉनचं घट्ट द्रव असतं आणि ते फरकाला अडवतं. आणि हल्ली इलेक्ट्रॉनिक, म्हणजे चकत्याच पण त्या दाबायला मोटर आणि कंप्युटर.

माझ्या ई४६ एम३ मधलं डिफरन्शियल क्लचप्लेट आणि व्हिस्कस या दोघांचं मिश्रण आहे आणि मला ते फार आवडतं. आत क्लचप्लेट आहेत, पण त्या दाबण्यासाठी एक छोटा सीलबंद पंप आहे ज्यात सिलिकॉन भरलंय. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की ते सिलिकॉन आत घुसळलं जातं, त्याचा दाब वाढतो, तो दाब पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन चकत्यांना. जितका फरक जास्त तितकी पकड जास्त, एकही वायर नाही, सेन्सर नाही. म्हणजे एकाच हौसिंगमध्ये, डिफरन्शियलच्या बाहेरच्या लोखंडी पेटीत, दोन द्रव आहेत, आतल्या डब्यातलं सिलिकॉन, जे आपण कधी बघतही नाही, आणि बाहेरचं गिअर ऑइल ज्यात चकत्या, बेअरिंग आणि क्राउन-पिनियन तिन्ही जगतात. आपण बदलतो ते हे दुसरं, आणि या एका तेलाला तीन वेगळी कामं करावी लागतात. इथेच सगळी गोम आहे.

पहिलं काम क्राउन-पिनियनचं. इंजिनकडून येणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकं त्याला काटकोनात, तर ती दिशा बदलायचं काम पिनियन आणि क्राउन हे दोन गिअर करतात. हायपॉइड प्रकारात पिनियन क्राउनच्या बरोबर मधोमध नसतो, थोडा खाली सरकवलेला असतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत पॅकार्डने ही पद्धत गाड्यांमध्ये आणली, त्याने दांडा खाली गेला, गाडीची बॉडी खाली आली आणि गिअरचा आवाजही कमी झाला. किंमत मात्र तेलाने मोजली. साध्या गिअरचे दाते एकमेकांवर लोळतात, हायपॉइडचे दाते लोळता लोळता लांबीच्या दिशेने घासतही जातात, प्रचंड दाबाखाली. जात्यात पीठ दळताना वरची तळी नुसती दाबत नाही तर फिरत घासते, तसं. पहिल्या गिअरमध्ये माझ्या गाडीचा टॉर्क ४.२३ गुणिले ३.६२ म्हणजे साधारण पंधरापट होऊन मागच्या चाकांपर्यंत जातो, आणि तो सगळाच्या सगळा या दोन गिअरच्या एका वेळी टेकलेल्या एक-दोन दात्यांमधून जातो. अशा ठिकाणी तेलाचा थर कितीही घट्ट असला तरी पिळून निघून जातो.

मग धातू धातूला लागून चिकटत का नाही, तर त्याचं उत्तर त्या तेलाच्या घाण वासात आहे. ज्याने कधी गिअर ऑइलची बाटली उघडलीय त्याला तो सडक्या अंड्यासारखा, लसणासारखा वास माहितीय, कपड्याला लागला की दोन धुण्यांत जात नाही. ते गंधक आणि फॉस्फरसचे घटक. दाता घासून जिथे क्षणभर भयंकर तापतो तिथे हे घटक लोखंडाशी संयोग पावून एक अतिपातळ थर बनवतात, हा थर दात्याऐवजी स्वतः झिजतो आणि पुन्हा नवीन बनतो. म्हणजे तेल स्वतःचा बळी देत देत दाते वाचवतं. बाटलीवर जीएल-५ लिहिलेलं असतं ना, ते हेच सांगतं, की यात हायपॉइडला पुरेल इतका हा मसाला आहे. जीएल-४ मध्ये तो ढोबळमानाने निम्मा असतो, म्हणून जीएल-४ डिफरन्शियलमध्ये कधीही नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा, जीएल-५ उरलं म्हणून ते गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा असतात, जास्तीचं गंधक गरम झालं की पितळ खातं आणि वर ते तेल इतकं निसरडं असतं की सिंक्रो नीट पकडत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सला जे सांगितलंय तेच.

दुसरं काम बेअरिंग आणि गिअर थंड ठेवायचं, आणि इथे घट्टपणाचे आकडे येतात. डिफरन्शियलमध्ये साधारणपणे पंप नसतो, फिल्टर नसतो, क्राउनचा खालचा भाग तेलात बुडलेला असतो आणि फिरताना तो तेल वर उडवतो, तेवढंच वंगण. एवढ्या मोठ्या ताकदीच्या गाडीत तेल किती, तर लिटर-सव्वा लिटर. इंजिनमध्ये त्याच्या कितीतरी पट तेल असतं, शिवाय त्याला फिल्टर असतो, कूलर असतो, आणि ते आपण दरवर्षी हौसेने बदलतो. मागचं बिचारं एक लिटर तेल त्याच्यात पडलेला सगळा धातूचा चुरा घेऊन वर्षानुवर्षं फिरत राहतं.

७५डब्ल्यू-९० मधला ९० बघून लोकांना वाटतं की हे इंजिनच्या ४० नंबर तेलाच्या दुप्पट घट्ट आहे. तसं नाहीये, गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. शंभर अंशाला ९० नंबर गिअर ऑइलचा घट्टपणा १३.५ ते १८.५ च्या मधे असतो, सेंटिस्टोक नावाच्या एककात, आणि इंजिनचं ४० नंबर १२.५ ते १६.३ मधे. म्हणजे जवळजवळ शेजारी. १४० नंबर मात्र खरंच घट्ट, २४ ते ३२.५. डब्ल्यूच्या आधीचा ७५ सांगतो की कडाक्याच्या थंडीत ते किती वाहतं, ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० अंशालाही ठराविक मर्यादेच्या आत वाहिलं पाहिजे, ८०डब्ल्यूला ती परीक्षा उणे २६ ला आणि ८५डब्ल्यूला फक्त उणे १२ ला. काकवी थंडीत बरणीतून निघत नाही आणि उन्हात ठेवली की धार लागते, तसंच हे. सांगली-कोल्हापूरकडे ८५डब्ल्यू-१४० ने काही बिघडत नाही, तिकडे उणे अंश कुठून येणार, पण इथे जानेवारीत सकाळी उणे दहा-बारा असतं तेव्हा तसलं तेल हौसिंगमध्ये थिजून बसतं आणि पहिले काही मिनिटं पिनियनच्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही.

मग जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं का? माझं मत सरसकट नाही. घट्ट तेलाचा थर गरम झाल्यावरही टिकतो, म्हणून ट्रॅकवर एकामागून एक लॅप मारणाऱ्या गाडीला ते हवं. पण घट्ट तेल घुसळायलाही ताकद जाते आणि त्या घुसळण्याने स्वतःच उष्णता तयार होते, म्हणून ऑफिसला जाणाऱ्या साध्या गाडीत उगाच १४० भरून फायदा काहीच नाही. याच ई४६ पिढीच्या ३३०आय ला, जिच्यात साधं ओपन डिफरन्शियल आहे, कंपनी ७५डब्ल्यू-९० देते, आणि तिच्याच बहिणीला एम३ ला ७५डब्ल्यू-१४०. बॉडी बहुतेक तीच, पण पोटातलं यंत्र वेगळं. सिंथेटिक घ्यायचं की मिनरल, तर वेगवान गाडीत सिंथेटिकच घ्या, इथे पैसे वाचवू नका, कारण ७५ पासून १४० पर्यंतचा एवढा मोठा पल्ला स्वस्त तेलात घट्टपणा टिकवणारं पॉलिमर घालून गाठतात आणि गिअरचे दाते ते पॉलिमर कातरून टाकतात, मग काही हजार किलोमीटरनंतर बाटलीवर १४० आणि आत ९० अशी गत.

तिसरं काम चकत्यांचं, आणि माझा आवाज इथून येत होता. फळ्यावर खडू ठराविक कोनात धरला की कर्रर्र वाजतो, आठवतंय का शाळेतलं? तो खडू चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, सेकंदाला शेकडो वेळा. क्लचप्लेट हळू घसरताना हेच करतात, आणि चिकटणं-सुटणं एवढ्या मोठ्या लोखंडी गोळ्यात झालं की गाडीत बसलेल्याला गुर्रर्र-कट-कट ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, एक पातळसं रसायन. त्याच्या रेणूचं डोकं धातूला चिकटतं आणि शेपटी बाहेर उभी राहते, असे असंख्य रेणू म्हणजे चकतीवर मखमलीसारखं लव उगवल्यागत, त्यामुळे चकत्या झटक्याने न सुटता सरकत सुटतात. साध्या ७५डब्ल्यू-९० मध्ये हे नसतं किंवा पुरेसं नसतं. आणि गाडी थंड असताना तेल घट्ट, चकत्यांमध्ये थर जाड, म्हणून आवाज नाही, तेल तापून पातळ झालं की चकत्या एकमेकींना भिडतात आणि आवाज सुरू. माझ्या अर्ध्या तासाचं कोडं हे होतं.

मग भरपूर मॉडिफायर घालून टाकू का, तर अजिबात नको. चकत्यांचं कामच पकडण्याचं आहे, जास्त घातलं की त्या नुसत्या निसटत राहतात आणि पैसे मोजून घेतलेलं लिमिटेड स्लिप साध्या ओपनसारखं वागायला लागतं. बाटलीवर "लिमिटेड स्लिप" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा मॉडिफायर आत मिसळलेलाच असतो, वरून अजून घालू नका, आधी तसंच चालवून बघा, आवाज राहिलाच तर थोडा थोडा घाला. बीएमडब्ल्यूने माझ्या गाडीसाठी सांगितलेलं तेल कॅस्ट्रॉलचं एसएएफ-एक्सजे, नंतर तेच सिंट्रॅक्स लिमिटेड स्लिप ७५डब्ल्यू-१४० या नावाने मिळायला लागलं. दुसऱ्या चांगल्या कंपन्यांचंही चालतं, फक्त तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: जीएल-५, ७५डब्ल्यू-१४०, आणि क्लचवाल्या लिमिटेड स्लिपसाठी बनवलेलं. टॉर्सनवाल्यांना मॉडिफायरची गरज नाही, त्यांच्याकडे चकत्याच नाहीत, चांगलं जीएल-५, मॅन्युअलमधल्या नंबरचं, बस. फोर्ड मस्टँगमध्ये क्लचवालं ट्रॅक्शन-लॉकही आलंय आणि काही पॅकेजमध्ये टॉर्सनही, म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांना दोन हिशोब, तर मित्राने सांगितलं म्हणून ओतू नका, आपल्या गाडीच्या एक्सलवरचा कोड किंवा बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यात काय काय बसवलं त्याची यादी, बघा. इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी तर मॅन्युअलच्या बाहेर पाऊलच टाकू नये. गावाकडे ज्यांच्याकडे थार आहे त्यांनीही हे लक्षात घ्यावं, मागे मेकॅनिकल लॉकिंग असलेली थार म्हणजे आप्पांची जीप नाही, तिच्याही पोटात जास्तीचं यंत्र आहे, तिला मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

किती दिवसांनी बदलायचं यावर खूप वाद आहेत कारण बऱ्याच कंपन्या साध्या गाड्यांच्या बाबतीत लाईफटाईम फिल, म्हणजे तेल कधी बदलायलाच नको, असं म्हणतात. पण तीच बीएमडब्ल्यू आपल्या वेगवान एम गाड्यांना नवीन असताना २००० किलोमीटरवर सर्व्हिसला बोलवून इंजिनसोबत डिफरन्शियलचंही तेल बदलते, कारण नवीन दाते एकमेकांत बसताना पहिला चुरा तेव्हाच पडतो. यातून जे समजायचं ते समजा. मी रोजच्या वापराच्या गाडीला ५०,००० किलोमीटर धरतो, ट्रॅकवर नेत असाल तर सीझनला एकदा, आणि सेकंडहँड घेतलेल्या गाडीचं लगेच, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. एक लिटरभर तेलाचा तर प्रश्न आहे, क्राउन-पिनियन बदलायची वेळ आली की खर्च ऐकून झोप उडते.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशीच बाटल्या दोन आणून ठेवा, एक पुरत नाही. बोल्टचे नवीन वॉशर किंवा सीलसकट नवीन बोल्टच, १४ मिलिमीटरची ॲलन की, हातपंप, एक पसरट परात किंवा घमेलं, चिंध्या, रबरी हातमोजे. बीएमडब्ल्यूच्या या बोल्टांना १४ ची मोठी ॲलन लागते जी साध्या सेटमध्ये नसते, हे रविवारी दुपारी गाडीखाली झोपल्यावर कळू नये. आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून या म्हणजे तेल कोमट होऊन चुऱ्यासकट निघेल, फार तापवू नका, हात भाजतो. मग चारही चाकं उचलून गाडी सपाट, चार स्टँडवर. फक्त मागून उचलली तर हौसिंग तिरकं होतं आणि लेव्हल चुकते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. स्टँडवर ठेवली की गाडी हाताने जोरात हलवून बघा, हलायचं असेल तर ती आत्ता हलू दे.

गाडीखाली गेल्यावर दोन बोल्ट दिसतील, वरच्या अंगाला भरायचा आणि तळाशी काढायचा. आधी वरचा उघडा. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतोय. खालचा उघडून तेल सांडून टाकलं आणि मग वरचा गंजून बसलेला निघालाच नाही, ॲलनची खाच गोल झाली, तर तुमच्याकडे एक कोरडी गाडी आहे जी घरातून हलवता येत नाही. वरचा निघाला, बाजूला ठेवला, मगच खालचा. बोल्टच्या आजूबाजूची माती आधी ब्रशने साफ करा, खाचेतली पण, नाहीतर ॲलन पूर्ण आत बसत नाही आणि तिथेच खाच खराब होते. काही गाड्यांना, एम नसलेल्या बऱ्याच नव्या बीएमडब्ल्यूंना, खालचा बोल्टच नसतो, तिथे भरायच्या भोकातून नळी घालून ओढून काढावं लागतं.

तेल गळत असताना चहा प्यायला जाऊ नका, बघत बसा, कारण गाडीचा रिपोर्ट त्या परातीत पडतोय. काळपट तपकिरी असेल तर ठीक. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदरमधून (हौसिंगमधली हवा बाहेर जायचं भोक) किंवा फुटलेल्या सीलमधून, पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचं असं होतं आणि अशा वेळी नवीन तेल भरून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काजळासारखा करडा लगदा असणारच, बोटाने चोळला की गुळगुळीत लागला पाहिजे. बोटाला कण टोचले, किंवा चकाकणारे पापुद्रे, दात्याचा तुकडा असं काही सापडलं, तर तिथे तेलाचा विषय संपला, डिफरन्शियल उघडावं लागेल. माझ्या परातीत फक्त लगदा होता, तो बघून जो श्वास सुटला तो आप्पांना फोनवर ऐकू गेला असेल, ते तोपर्यंत लाईनवरच होते.

थेंब थांबेपर्यंतचा वेळ फुकट घालवू नका, आजूबाजूला टॉर्च मारा. दोन्ही बाजूंना एक्सल जिथून बाहेर पडतात तिथलं सील ओलं आहे का, पुढे पिनियनचं सील, एक्सलच्या सांध्यांवरच्या रबरी आवरणांना, म्हणजे बुटांना, चिरा आहेत का. आणि ई४६ असेल तर मागचा सबफ्रेम, म्हणजे डिफरन्शियल आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला बोल्टने धरलाय त्या पत्र्याला तडे गेलेत का हे नक्की बघा, या पिढीची ती ओळखीची दुखणी जागा आहे, आणि एम३ मध्ये ताकद जास्त असल्याने तर हमखास तपासायची. मला एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली होती, वेळेवर दिसली म्हणून वेल्डिंग आणि प्लेट लावून निभावलं.

खालचा बोल्ट नवीन सीलसकट लावा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने, टॉर्क रेंच लावून. आटे एकदा गेले की गेले, "अजून थोडं" म्हणून ओढू नका. मग पंपाने वरच्या भोकातून तेल भरायचं, आणि किती भरायचं याचं उत्तर आप्पांच्या मिस्त्रीने मला लहानपणीच दाखवलेलं: भोकात करंगळी घालायची, तेल भोकाच्या खालच्या ओठाला लागलं की झालं. तेल बाहेर ओघळायला लागलं की थांबा, दोन मिनिटं बसू द्या, आतल्या फटींमध्ये शिरून लेव्हल खाली जाते, पुन्हा थोडं घाला, पुन्हा ओघळलं की बोल्ट लावा. लिटरचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, जुन्या एमएक्स-५ चंच बघा, १.६ इंजिनवालीला ०.६५ लिटर आणि १.८ वालीला पूर्ण १ लिटर, म्हणून बाटलीपेक्षा भोकावर विश्वास ठेवा. जास्त कोंबू नका, जास्तीचं तेल फेसाळतं आणि ब्रीदरमधून बाहेर येतं.

क्लचवालं डिफरन्शियल असेल तर काम अजून संपलं नाही. जुनं तेल चकत्यांच्या मधे अजून अडकलेलं आहे, ते नुसतं सांडून निघत नाही. गाडी थोडी फिरवून गरम करा आणि मग एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये हळूहळू इंग्रजी आठच्या आकड्याच्या चकरा मारा, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून, आठ-दहा डावीकडे तितक्याच उजवीकडे. चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांच्यात नवीन तेल शिरतं. माझ्या पहिल्या तीन चकरांना तोच जुना गुर्रर्र होता आणि माझा जीव खाली गेला, चौथ्या-पाचव्याला तुटक व्हायला लागला, आठव्याला काहीच नाही, फक्त टायरचा डांबरावरचा आवाज. खिडक्या खाली करून अजून चार मारल्या, खात्री करायला.

जुनं तेल त्याच रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून ठेवा, गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, इथे ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं ते फुकट घेतात, आणि पुण्या-मुंबईत ज्या गॅरेजमध्ये इंजिन ऑइल जमा करतात तिथे हेही देता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती तिथल्या फरशीवर पुठ्ठा टाकून बघा, थेंब नको. आठवड्याने पुन्हा एकदा दोन्ही बोल्टांभोवती कोरड्या चिंधीने पुसून बघा. आणि दाराच्या आतल्या कडेला एक पट्टी चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचं पूर्ण नाव लिहा, नुसतं "क्राउन ऑइल बदललं" असं नको, ७५डब्ल्यू-१४० लिमिटेड स्लिप असं पूर्ण, म्हणजे तुमच्यानंतर जो कोणी ती गाडी घेईल त्याला पार्किंगमध्ये तो आवाज ऐकावा लागणार नाही.